हवा मानवली

बारकीचा दमा आम्हाला आधी कानांनी कळला. १९८९ चा श्रावण असेल. घाटकोपरच्या भटवाडीत टेकडीच्या उतारावर आमची दहा बाय दहाची खोली. रात्री सगळे झोपलेले, आणि कुठूनतरी सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. रॉकेलच्या स्टोव्हची हवा सोडली की येतो तसा. आई दचकून उठली आणि अंधारातच स्टोव्हची चावी चाचपायला गेली. स्टोव्ह गार पडलेला होता. मग तिनं दिवा लावला. आवाज बारकीच्या छातीतून येत होता. तीन वर्षांची पोर, दोन्ही हात पुढं टेकून बसली होती. रडत नव्हती. रडायला वारा लागतो, तेवढा तिच्याकडं नव्हता.

मी तेव्हा नऊ वर्षांचा. मला वाटलं, हिनं काहीतरी गिळलंय.

आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे कापलेला डोंगरच. त्यावर नुसता सिमेंटचा गिलावा. मिरगापासून दिवाळीपर्यंत ती भिंत पाझरायची. आई दर आठवड्याला फडक्यानं काळी बुरशी पुसायची आणि दर आठवड्याला ती परत उगवायची. वर सिमेंटचे पत्रे. एका कोपऱ्यात मोरी, एका कोपऱ्यात ओटा, ओट्यावर दोन स्टोव्ह. दोन अशासाठी, की आईची खानावळ होती. आमच्या गावची सात माणसं दोन्ही वेळेला आमच्याकडं जेवायची. सकाळी चारला नळ यायचा, तेव्हापासून स्टोव्हची भरभर सुरू. त्या खोलीला खिडकी नव्हती, दार हीच खिडकी. आज शहाण्या माणसाला ही खोली दाखवली तर तो बघताक्षणी सांगेल की इथं पोराला दमा होणार. तेव्हा आम्हाला ती मुंबईतली आपली हक्काची खोली वाटायची, आणि गावातल्या निम्म्या लोकांना तिचा हेवा होता.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "बाळदमा आहे. मोठी होईल तसा जाईलसुद्धा." त्यांनी गोळीची पूड मधातून चाटवायला दिली. उबळ मोठी आली की इंजेक्शन. नंतर त्यांनी पंप सुचवला, तर शेजारची काकू म्हणाली, "पंप नका हो लावू, सवय लागते पोरीला." आईनं काकूचं ऐकलं. पंपातलं औषध थोडं असतं आणि थेट छातीत जातं, गोळीपेक्षा ते हलकं, हे समजायला आमच्या घरात पुढं सहा-सात वर्षं गेली. आमच्याकडं अजूनही लोक पंपाला घाबरतात आणि इंजेक्शनला घाबरत नाहीत. मधल्या काळात जे जे कुणी सांगितलं ते ते केलं. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध दिलं. मृगाला हैदराबादला जिवंत मासा गिळवतात, तिकडं न्यायचंही ठरलं होतं. पण बारकीनं ते ऐकून असा आकांत मांडला की त्या आकांतानंच तिला धाप लागली, आणि बेत राहिला.

आण्णा म्हणजे आमचे वडील. मशीद बंदरला माथाडी. आमच्या जावळी तालुक्यातला, नाहीतर पाटणचा गडी मुंबईला गेला की बहुतेक पाठीवर पोतं घेऊनच उभा राहायचा. १९६९ साली माथाडी कायदा झाला म्हणून पगाराला ठिकाणा आला, फंड आला, असं आण्णा सांगायचे. कायद्याचं नाव निघालं की अण्णासाहेब पाटलांचं नाव निघायचंच. ते आमच्याच जिल्ह्यातले, याचा आण्णांना भारी अभिमान. आण्णांची टोळी मसाल्याच्या गोदामात होती. शंभर किलोचं पोतं. त्यातही मिरची. मिरचीचा खकाणा कसा असतो हे ज्यानं एकदा घेतलाय त्यालाच कळेल. तो नाकातोंडात जातोच, पण अंगालाही लागतो, बनियनच्या धाग्याधाग्यात बसतो. आण्णा संध्याकाळी दारात आले की मला शिंका यायच्या. आम्ही पोरं ती शिंक आली की ओळखायचो, आण्णा आले. मला तो वास आवडायचा. वडिलांचा वास असाच असतो असं मला वाटायचं.

एकदा आण्णाच बारकीला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडं घेऊन गेले, कामावरून आल्या आल्या, कपडे न बदलता. मी मागं मागं. डॉक्टरांनी छातीला नळी लावायला वाकून बघितलं आणि त्यांना स्वतःलाच शिंक आली. एक नाही, तीन. मग त्यांनी आण्णांकडं नीट बघितलं.

"तुम्ही काम काय करता?"

"हमाली. मिरचीच्या गोदामात."

"घरी गेल्यावर पोरीला जवळ घेता?"

"घेतो की. माझी वाट बघत आस्ती ती."

डॉक्टर वाईट बोलले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की ओल, स्टोव्हचा धूर, फोडणी, ही धूळ, सगळ्यानं मिळून होतंय, एकाचा दोष नाही. पण आण्णांच्या डोक्यात त्यातली एकच गोष्ट राहिली. त्या दिवसापासून ते बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय आत आले नाहीत. सदरा-बनियन दाराबाहेर खिळ्याला, गोणपाटाच्या पिशवीत. थंडी असो, पाऊस असो. बारकी दारात उभी राहून "या की आण्णा, या की" करायची आणि ते ओल्या अंगानं म्हणायचे, "थांब गं माय, ईख धुतो."

आणखी एक वर्ष असंच गेलं. दोनदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या खेपेनंतर डॉक्टर म्हणाले, "जमत असेल तर हवापालट करा. उंचावर, जरा थंड हवेत. पाचगणीसारख्या ठिकाणी कुणी आहे का तुमचं?"

आण्णा हसले. मला ते हसणं आठवतं, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "डाक्टर, आमी पाचगणीच्याच खालचं. घरनं टेबललँड दिसतंय आमच्या."

डॉक्टरांना क्षणभर समजलं नाही. "मग इथं काय करताय?" असं त्यांच्या तोंडातून निघून गेलं. नंतर त्यांचे तेच ओशाळले.

पाचगणी म्हणजे आमच्या दृष्टीनं बाजार, शाळांची पोरं आणि मोटारी. तिच्या हवेला किंमत आहे हे आम्हाला परक्यांकडून कळलं. इंग्रजांच्या काळात चेसन नावाच्या साहेबानं तिथं वसाहत केली, सिल्व्हर ओकची झाडं लावली. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगं नसतं. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पाचगणी तिथून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर, पण पाऊस तिथल्या निम्म्याहूनही कमी. म्हणून बारमाही राहायला त्यांनी पाचगणी निवडली. पुढं १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी तिथं क्षयाच्या रोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. क्षयावर औषधच नव्हतं तेव्हा. विश्रांती, खाणंपिणं आणि मोकळी हवा, एवढाच उपचार. मुंबईचे पैसेवाले देवळालीला, पाचगणीला हवा खायला यायचे ते त्या काळापासून.

आणि गंमत बघा, एके काळी खुद्द मुंबईचं उपनगर हीच हवा खायची जागा होती. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक शहर सोडून साष्टीत पळाले. १९२४ साली पुण्याला अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर गांधीजी विश्रांतीला कुठं गेले, तर जुहूला, अंधेरी-पार्ल्याच्या किनाऱ्यावर. १९४४ ला आगाखान पॅलेसमधून सुटले तेव्हाही आधी जुहू, मग त्या पावसाळ्यात पाचगणी. मी मास्तर झाल्यावर हे वाचलं आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांचं बरं हुतं. त्यांना खानावळ चालवायची नव्हती."

तेच खरं होतं. हवा गावात होती आणि भाकरी घाटकोपरला. डोंगरावरचं आमचं दीड एकर, त्यात नाचणी, वरी आणि वगळीत थोडं भात. त्यावर आजी आणि धाकटे चुलते, नाना, कसेबसे राहत होते. आण्णांनी आठ दिवस विचार केला. म्हणजे काय केलं, तर आठ दिवस बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "तुमी तिघं जावा. मी हितं ऱ्हातो."

आई म्हणाली, "आन् जेवाल कुटं?"

"गावकीच्या खोलीवर. तिथं येक बाई डबा देतीया."

इतकी वर्षं सात माणसांना जेवू घालणाऱ्या बाईच्या नवऱ्याला आता दुसऱ्याच्या खानावळीत जेवायचं होतं. आई त्यावर काही बोलली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी खानावळीच्या सात जणांना सांगितलं आणि त्यांचे उरलेले पैसे परत केले. एकानं घेतले नाहीत. खानावळीचे महिन्याचे जे चार पैसे सुटायचे ते तिच्या हातातले, स्वतःचे होते. गावात गेल्यावर मीठ आणायलाही आजीकडं मागावं लागणार, हे तिला दिसत होतं. मला ते मोठेपणी कळलं.

मे १९९१ च्या शेवटी आम्ही निघालो. राजीव गांधींची हत्या होऊन चार-आठ दिवस झाले होते, एसटीत तोच विषय. कुर्ल्याच्या नेहरूनगरहून गाडी. एक पत्र्याची पेटी, दोन बोचकी आणि आईचा एक स्टोव्ह. दुसरा आण्णांना चहाला ठेवला. बारकी खोपोलीचा घाट चढेपर्यंत धापत होती. खंबाटकी ओलांडली, संध्याकाळचा वारा खिडकीतून यायला लागला. आई एकदम मला ढोसून हळूच म्हणाली, "बघ." मी बघितलं. बारकी झोपली होती. "काय?" मी म्हटलं. "तोंड मिटून झोपलीया." दोन वर्षांत तिला तोंड मिटून झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. पाचवडला उतरलो तेव्हा आई तिला उठवायला तयार नव्हती. तशीच खांद्यावर घेऊन कुडाळच्या गाडीत चढली.

गोष्ट इथं संपली असती तर मला लिहायला बरं वाटलं असतं. वारं लागलं आणि पोर बरी झाली! आजी तसंच सगळ्यांना सांगत सुटली. "मुंबईचं घाण वारं. हितं आली आन् आठ दिसात खडखडीत."

जून महिना तिनं खरंच चांगला काढला. मग जुलै लागला.

आमच्या अंगाचा पाऊस मुंबईसारखा कोसळून उघडत नाही. तो बसतो. आठ-आठ दिवस धुकं दारातून आत येतं, पलीकडच्या खुंट्यावरची म्हैस दिसत नाही. पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झड्या बांधलेल्या, खिडक्या बोळे कोंबून बंद. आत चूल. चुलीत ओली लाकडं आणि ओल्या गोवऱ्या. धूर कौलांतून जायचा तो पावसानं दबून खालीच राहायचा. त्याच घरात एका बाजूला गोठा. अंगावर घोंगडी, तिला वर्षानुवर्षांची धूळ. घाटकोपरची ओल डाव्या हाताला पडावी अशी ओल. आम्ही एका खोलीतला धूर सोडून दुसऱ्या खोलीतल्या धुरात आलो होतो, फक्त बाहेरची हवा थंड होती.

आषाढातल्या त्या रात्री बारकीला जी उबळ आली तशी मुंबईतही कधी आली नव्हती. ओठ निळसर. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. मुंबईत असतो तर खाली उतरून दहा मिनिटांत डॉक्टर. इथं रात्रीचे दोन, गाडी नाही, वीज नाही, ओढ्याला पाणी. आईनं तिला दाराच्या चौकटीला टेकवून पुढं वाकवून बसवलं आणि बिनदुधाची कडक कॉफी चमच्यानं पाजत राहिली. घाटकोपरच्या डॉक्टरांनी कधीतरी सांगितलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं. पहाटे नानांनी इरलं घेतलं, इरल्याखाली पोरीला पाठीशी बांधलं आणि आई मागं कंदील घेऊन. दुधाची गाडी सडकेला पाचला यायची. ती गाठली. मी आजीजवळ थांबलो. आजी चुलीपुढं बसून होती. चूल पेटवलेली नव्हती, आणि ती नुसती राखेत काडीनं रेघा ओढत होती.

पाचगणीच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, घरात चूल कुठं आहे? झोपायचं कुठं? गुरं कुठं? आईनं सांगितलं. ते म्हणाले, "हवा घराच्या बाहेर आहे बाई. तुम्ही आत धूर कोंडून बसलाय."

आता हे आजीला सांगायचं कुणी? आजीची चूल तिच्या सासूची. त्या चुलीला पोतेरं दिल्याशिवाय तिनं कधी चहा घेतला नव्हता. आईनं भीतभीत सांगितलं, "आत्या, डाक्टर म्हनत्यात चूल भाईर न्यावी लागंल." आजी काही बोलली नाही. दुपारी पाऊस जरा ओसरला तेव्हा मी बघितलं तर आजी परसात, गोठ्याच्या पलीकडं, चार मेढी रोवून घेत होती. नानांना वर गवत टाकायला लावलं. आतली चूल तिनं स्वतःच्या हातानं कुदळीनं फोडली. कुणाला हात लावू दिला नाही. आई रडायला लागली तर म्हणाली, "रडतीस काय? चूल म्हंजी काय देव हाय? आन् देव आसला तर त्याला पोरीचं कळंल." त्यानंतर बारा वर्षं, पुढं गॅस येईस्तोवर, आमच्या घरातल्या बायका भर पावसात परसात भाकऱ्या करायच्या. भावकीनं नावं ठेवली. म्हैस वेगळ्या छपरात गेली. घोंगडी गेली, गोधड्या आल्या, त्या उन्हं पडली की पत्र्यावर.

मुंबईला जिनं आयुष्यात कधी पाऊल टाकलं नाही त्या म्हातारीला हे जमलं. मी पुढं शिकलेली माणसं बघितली, त्यांना घरातली उदबत्तीसुद्धा बंद करता येत नाही.

हळूहळू फरक पडला. दसऱ्यानंतर आमच्याकडची हवा खरी. कोरडी, हलकी, सकाळी तोंडातून वाफ निघते आणि दहा वाजता ऊन अंगाला गोड लागतं. हजार मीटर वर चढलं की साधारण सहा अंश गारवा वाढतो, असं मी पोरांना शिकवतो. बारकीला त्याचा आकडा माहीत नव्हता, पण ती दिवाळीत पहिल्यांदा धावली. लंगडी नाही, लपंडाव नाही, नुसती बांधावरून या टोकाला त्या टोकाला धावत होती, कुणी मागं नसताना. पुढची काही वर्षं पावसाळा वाईट, हिवाळा चांगला असं चाललं. नववीत असताना पाचगणीच्या डॉक्टरांनी समजावून पंप सुरू केला आणि नंतरचे पावसाळेही सुटले. आता नक्की कशानं बरं वाटलं? हवेनं, चुलीनं, पंपानं, की पहिल्या डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणं वयानं? बऱ्याच पोरांचा दमा वाढत्या वयात मागं पडतो. आजी मरेपर्यंत म्हणायची, वाऱ्यानं. आई म्हणते, आत्यांनी चूल फोडली म्हणून. आण्णांचं मत वेगळं होतं, ते त्यांनी कधी उघड बोलून दाखवलं नाही. पण मला माहीत होतं. मिरचीपासून लांब गेली म्हणून.

आण्णा वर्षातून तीनदा यायचे. जत्रेला, गणपतीला, दिवाळीला. सडकेला उतरले की सरळ घरी नाही. आधी ओढ्यावर. तिथं अंग घासून आंघोळ, मुंबईचे कपडे पिळून एका पिशवीत, गावाकडचं धोतर-सदरा नाना घेऊन गेलेले असायचे ते अंगावर. मगच घरात. बारकी मोठी झाली तशी ओढ्यापर्यंत धावत जायची, तर लांबूनच ओरडायचे, "थांब तिकडंच!" तिला त्याचा राग यायचा. ती एकदा मला म्हणाली, "आण्णांना मी नको असते का रे?" मी तिला शिंकेची गोष्ट सांगितली तेव्हा ती बारा वर्षांची होती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला तो वासच आठवत नाही."

त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा आठ दिवस आण्णांची खबर नव्हती. पण आईच्या मनात कायमचा राहिला तो दोन हजारचा जुलै. १२ जुलै २०००. घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली आणि डोंगराखालच्या झोपड्यांतली कितीतरी माणसं गेली. रेडिओवर बातमी आली. गावात बसलेल्याला आझादनगर कुठं आणि भटवाडी कुठं, काय कळणार? घाटकोपर, डोंगर, उतारावरच्या खोल्या, एवढंच कळलं. आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे डोंगर. गावकीच्या खोलीत दहाजण झाले की आण्णा अधूनमधून तिथंच झोपायला जायचे. मी तेव्हा डी.एड. करून नोकरी शोधत होतो. पावसातून कुडाळला गेलो, एसटीडी बूथवर रांगेत उभा. आमच्यासारखेच सगळे. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी वाण्याच्या फोनवर निरोप आला, सगळे ठीक, आण्णा वाशीला कामावर आहेत. बाजार मशीद बंदरहून वाशीला गेल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती.

त्या गणपतीला आण्णा आले तर आईनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि समोरच बसली. "अवो, पोरीची छाती बरी झाली. आता आमाला वाऱ्याचं कवतिक ऱ्हायलं न्हाई. तुमी या."

"आजून बारा वर्सं हायेत."

"आन् त्या आधी डोंगर आला तर?"

आण्णा भाकरी मोडत म्हणाले, "तिचं शिक्षान हाय, लगीन हाय. हितं येऊन नाचणी कितीक पिकवू?" विषय संपला. आई उठून परसात चुलीकडं गेली. एकीकडं पोरीची छाती, दुसरीकडं नवऱ्याचा जीव, असं वाटपच झालं होतं, आणि ते आईनं मान्य केलं होतं का, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

२०१२ ला आण्णा कायमचे आले. एकवीस वर्षं एकटे राहून. पहिल्या वर्षी सगळं छान. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात त्यांना खोकला धरला तो सुटेना. रात्री छातीतून आवाज. मी तो अंथरुणात ऐकला आणि मला वाटलं, स्टोव्ह. दवाखान्यात नेलं. इतक्या वर्षांची गोदामातली धूळ आणि त्यात बिडी, फुफ्फुसं थकली आहेत म्हणाले. आणि वर सल्ला दिला, थंडी यांना सोसायची नाही. कडाक्याच्या दोन महिन्यांत यांना जरा उबदार हवेत ठेवा. मुंबईला कुणी आहे का तुमचं?

होतं. बारकी. तिचं लग्न मुलुंडला झालं. स्थळ आलं तेव्हा आईचा जीव वर-खाली झाला होता, "पुन्हा तिकडंच?" पण बारकीनं स्वतः जाऊन घर बघितलं होतं. चौथा मजला, दोन्हीकडं खिडक्या, भिंतीला ओल नाही, मागं डोंगराची झाडी. "घाटकोपर नव्हं ते, मुलुंड हाय," असं तिनं आईला सांगितलं, जणू मधे शंभर कोस आहेत. तिच्या पर्समध्ये पंप असतो. वर्षातून चार-पाचदा लागतो, म्हणते. नोकरी करते, लोकलनं ठाण्याला जाते-येते.

तर गेली काही वर्षं आण्णा मार्गशीर्ष-पौष मुलुंडला काढतात. जी हवा सोडायला लावून त्यांनी पोरीला घाटावर पाठवलं त्याच हवेत ती आता त्यांना थंडीपासून सांभाळते. त्यातही मुंबईचा हिवाळा आता पहिल्यासारखा राहिला नाही. बांधकामाची धूळ, सकाळी धुरकं. डिसेंबरात बारकीचा फोन येतो, "दादा, चार दिवस थांबवून पाठव त्यांना, हिकडं डोंगर दिसंना झालाय." इकडं पारा उतरलेला, आण्णा शेकोटीजवळ बसलेले, आणि शेकोटीही त्यांना चालत नाही. मग आम्ही बहीण-भाऊ फोनवर हवेचा हिशेब करत बसतो. तिकडं धूळ किती, इकडं थंडी किती, बुधवारी न्यावं की रविवारी. आईचे गुडघे थंडीत धरतात ते वेगळंच. ती मुलुंडला जायला तयार नसते. "मला हितलीच हवा मानवती," म्हणते, आणि पाय चोळत बसते.

परवा मीच त्यांना सोडायला गेलो होतो. बारकीच्या दारात पोचलो. तिची मुलगी, पाच वर्षांची, "आजोबाऽ" करत धावत आली. आण्णा दोन पावलं मागं सरले. पिशवी खाली ठेवली, अंगातला सदरा काढला, झटकला आणि बाहेर जिन्याच्या कठड्यावर टाकला. मग बनियनवर, थंडीनं कुडकुडत, उंबऱ्याबाहेर उभे राहून बारकीला म्हणाले, "पाणी आन गं जरा तांब्यात. हात धुतो."

बारकी तांब्या घेऊन आली. हातावर पाणी घालत राहिली. मिरचीला हात लागून आता किती वर्षं झाली, असं काही ती म्हणाली नाही.